चार मिलिमीटरचे काम : जुन्या पोलादी सायकलीवर नवा गिअरसंच

मागच्या चिमट्याच्या दोन टोकांमधील अंतर व्हर्नियरने मोजले तेव्हा ते १२६ मिलिमीटर भरले, आणि जे नवे चाक तिथे बसवायचे होते त्याच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याची, रुंदी १३० मिलिमीटर होती. जुन्या पोलादी रोड सायकलीवर आजचे गिअर बसवण्याचा बहुतेक प्रश्न या चार मिलिमीटरांत आहे, असे मी आता, एक पावसाळा आणि एक हिवाळा ती सायकल चालवल्यानंतर, खात्रीने सांगू शकते. हे परीक्षण दोन गोष्टींचे आहे : शिमानोच्या सोरा आर३००० या नऊ गिअरांच्या संचाचे, आणि तो ज्यांनी शेवटी नीट बसवून दिला त्या शुक्रवार पेठेतील एका लहानशा कार्यशाळेच्या कामाचे. कार्यशाळेच्या दारावर नावाची पाटी नाही आणि तिथल्या कारागीर काकांना आपले नाव कुठे छापून यावे अशी इच्छाही नाही, म्हणून ते लिहीत नाही. मात्र या दोन गोष्टींचे परीक्षण एकमेकांपासून वेगळे करता येत नाही, कारण हाच संच आधी एका ठिकाणी वाईट बसवला गेला होता आणि त्या दिवसांत मी तो परत विकून टाकण्याच्या बेतात होते.

सायकल माझ्या काकांची. १९८१ साली शिक्षण संपवून ते इंग्लंडहून परतले तेव्हा त्यांनी ती सामानाबरोबर आणली, आणि पुढची वीसेक वर्षे तिच्यावरून ते कर्वेनगरहून खडकीला कामावर जात राहिले. फ्रेम रेनॉल्ड्स ५३१ नळ्यांची आहे. मँगनीज आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाच्या या नळ्या १९३५ पासून बाजारात होत्या. त्यांची भिंत मध्यभागी पातळ आणि टोकांना, म्हणजे जिथे त्या सांध्यात ब्रेझिंग करून, म्हणजे पितळेसारखा धातू वितळवून, बसवतात तिथे, जाड असते. म्हणूनच अशी फ्रेम हलकी असूनही सांध्यात कमजोर नसते आणि खराब रस्त्यावर हाताला फारसे हादरे देत नाही. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे काकांनी सायकल सोडली आणि ती जिन्याखाली टांगली गेली. मी ती उतरवली तेव्हा रंगाचे टवके उडाले होते, पण सीटची खुंटी काढून आत टॉर्च टाकून पाहिले तर गंज वरवरचाच होता, आणि त्या क्षणी मी ती चालती करायचे ठरवले.

गिअर बदलण्याची गरज शोभेची नव्हती. जुन्या सायकलीला पुढे ५२ आणि ४२ दातांच्या दोन चकत्या आणि मागे १४ ते २४ दातांचे सहा चकत्यांचे फ्रीव्हील, म्हणजे हबवर आट्यांनी बसणारा चकत्यांचा जुन्या पद्धतीचा जुडगा, होते. चढासाठी उरतो तो ४२ ला २४, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाक पावणेदोन वेळा फिरते आणि २७ इंची चाकावर सायकल सुमारे ३.८ मीटर पुढे जाते. गोळेवाडीच्या नाक्यावरून सिंहगडाला लागलेल्या माझ्यासारख्या मध्यम ताकदीच्या माणसाचा तीव्र वळणावरचा वेग ताशी ८ किलोमीटरच्या आसपास असतो. त्या वेगाला जुन्या गिअरवर पाय मिनिटाला ३५ फेरेच मारतात, आणि प्रत्येक फेऱ्याला सगळे वजन गुडघ्यावर येते. नव्या संचात पुढे ३४ आणि मागे ३२ दात मिळतात. एका फेऱ्यात सुमारे २.३ मीटर, म्हणजे त्याच वेगाला मिनिटाला जवळजवळ ६० फेरे. काकांचे गुडघे कशाने गेले हे मला डॉक्टरने सांगितलेले नाही, पण बोपदेव घाटात ते ४२ ला २४ वर उभे राहून सायकल रेटत असत हे मी लहानपणी मागच्या गाडीतून पाहिलेले आहे.

संच निवडताना मला सर्वांत जास्त वेळ लागला तो मागच्या चकत्या किती असाव्यात हे ठरवण्यात. दुकानात गेले की अकरा चकत्यांच्या संचाकडे आपल्याला वळवले जाते, आणि १३० मिलिमीटरच्या हबवर अकराही बसतात, त्यामुळे ते अशक्य नाही. तरीही जुन्या फ्रेमला नऊच योग्य, असे माझे मत आहे आणि त्याला कारण आहे. आठ चकत्यांच्या कॅसेटमध्ये (मागच्या चकत्यांच्या आजच्या जुडग्यात) दोन शेजारच्या चकत्यांच्या मध्यांमधील अंतर ४.८ मिलिमीटर असते, नऊमध्ये साधारण ४.३५, दहामध्ये ३.९५ आणि अकरामध्ये ३.७ च्या आसपास. जितक्या चकत्या दाटीने, तितकी डिरेलरची, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेची, जागा चुकण्याची मुभा कमी. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी ही फ्रेम बांधली गेली तेव्हा खटक्यावर बदलणारे गिअर रोड सायकलींवर रुळलेले नव्हते. शिमानोची एसआयएस ही खटक्यांची पद्धत त्यांच्या ड्युरा-एस संचावर आली ती १९८४ साली. त्याआधी चालवणारा खालच्या नळीवरची दांडी हाताने सरकवून, कानाने ऐकून गिअर जुळवत असे, आणि डिरेलर ज्या कानाला अडकवतात तो कान एक-दोन अंशांनी तिरपा असला तरी कोणाच्या लक्षात येत नसे. अशा फ्रेमवर थोडी ढिलाई सहन करणारा संच हवा. नऊ चकत्या तेवढी ढिलाई सहन करतात आणि घाटाला लागणारा पल्लाही देतात.

दुसरे कारण भविष्यातल्या सुट्या भागांचे. शिमानोच्या आठ आणि नऊ गिअरांच्या संचांत शिफ्टर (हँडलवरची गिअर बदलणारी लिव्हर) एका खटक्याला किती केबल ओढतो आणि त्या केबलीवर मागचा डिरेलर किती सरकतो, यांचे गुणोत्तर एकच आहे, आणि नऊ गिअरांचा डोंगरी सायकलीचा मागचा डिरेलरही नऊच्या रोड शिफ्टरवर चालतो. पुढे गणित बदलते. शिमानोचाच टियाग्रा ४७०० संच दहा गिअरांचा असला तरी त्याचे केबलचे गणित अकरावाल्यांचे आहे, म्हणून तो जुन्या दहाच्या भागांशी जुळत नाही. २०२३ पासून आलेली क्यूज मालिका तर आपापसातच जुळणारी आहे. जो कोणी असे काम करायला निघाला आहे त्याने शिफ्टर, डिरेलर आणि कॅसेट या तिघांचा मेळ आधी कागदावर बसवावा. ‘चालून जाईल’ या शब्दावर विश्वास ठेवू नये. मी ठेवला होता.

पहिल्या दुकानाचे नाव लिहीत नाही. पश्चिम पुण्यातले ते एक नीटनेटके दुकान होते आणि तिथली माणसे नव्या कार्बन सायकली रोज जोडतात. त्यांनी मागच्या चिमट्यात आट्यांचा एक रॉड घातला, दोन्हीकडे नट-वायसर लावून ते फिरवत गेले, १३० चे माप मिळेपर्यंत चिमटा फाकवला आणि चाक बसवून सायकल माझ्या हातात दिली. माप बरोबर होते. स्टँडवर सगळे गिअर पडत होते. दोन आठवड्यांनी चांदणी चौकाच्या चढावर मी सर्वांत मोठ्या चकतीवर गिअर टाकला, पायाचा जोर बसला, मागून करकर आवाज आला आणि डिरेलरचा पिंजरा (चेन धरणारा खालचा भाग) आऱ्यांत गेला. दोन आरे तुटले. मागून येणाऱ्या गाडीने वेळीच वळण घेतले म्हणून मी हे लिहीत आहे. दुकानात परत गेल्यावर उत्तर मिळाले की फ्रेम जुनी आहे, एवढे चालायचेच.

त्यानंतर एका ज्येष्ठ सायकलपटूने शुक्रवार पेठेतला पत्ता दिला. साधारण दहा बाय पंधराची ती खोली; भिंतीवर पाने ओळीने टांगलेले, छताला तीन फ्रेमा, कोपऱ्यात रॉकेलचा वास आणि छर्ऱ्यांनी भरलेली एक स्टीलची वाटी. तिथल्या कारागीर काकांनी सायकल पाहिली, चाक काढले आणि कोणत्याही हत्याराला हात लावण्याआधी खिशातून सुतळी काढली. डाव्या ड्रॉपआउटला, म्हणजे चिमट्याच्या ज्या टोकात चाकाचा एक्सल बसतो त्याला, सुतळीचे एक टोक बांधले, ती पुढच्या हँडलच्या नळीला वळसा घालून उजव्या ड्रॉपआउटला आणून ताणून बांधली. मग पोलादी पट्टीने त्यांनी सीटच्या नळीपासून सुतळीपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजले. डावीकडे ३४ मिलिमीटर, उजवीकडे ३२.

“ताई, चार मिलिमीटर मिळालेत, पण चारही डाव्या बाजूनं आलेत,” ते म्हणाले. “उजवी बाजू जागची हललेलीच नाही. रॉड दोन्हीकडं सारखाच जोर लावतो. जी बाजू आधी नमते तीच नमते.”

या एका वाक्यात सगळ्या बिघाडाचे कारण होते. चाक १३० च्या जागेत बसले होते, पण ते फ्रेमच्या मध्यरेषेवर नव्हते, आणि फाकवल्यामुळे दोन्ही ड्रॉपआउट एकमेकांना समांतर राहिले नव्हते. चाक आवळणारी क्विक रिलीजची दांडी आवळली की एक्सलवर वाकवणारा जोर येत होता. डिरेलरचा कान मुळातच थोडा आत कललेला होता, त्याकडे कोणी पाहिलेच नव्हते. स्टँडवर पायाचा जोर नसतो म्हणून तिथे ते कळले नाही आणि चढावर कळले.

त्यांनी जे केले ते मी तिथे बसून पाहिले, आणि हे काम करून घेणाऱ्या प्रत्येकाने ते पाहावे असे मला वाटते. फुटलेल्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेला हातभर लांबीचा वासा त्यांनी चिमट्यातून घातला, त्याचे एक टोक सीटच्या नळीला टेकवले आणि फक्त उजव्या बाजूवर दाब दिला. दाब सोडला की पोलाद परत मागे येते, म्हणून हव्या त्या जागेच्या पुढे न्यावे लागते आणि किती पुढे न्यायचे हे प्रत्येक फ्रेमवर वेगळे असते. एक दाब, सुतळीचे माप. पुन्हा थोडा अधिक दाब, पुन्हा माप. अकरा वेळा त्यांनी मोजले. उजवी बाजू दोन मिलिमीटर बाहेर आली तेव्हा त्यांनी डाव्या बाजूला तेवढीच आत घेतली. शेवटी सुतळी दोन्हीकडे ३३ वर आली आणि ड्रॉपआउटमधले अंतर १३० राहिले. आग कुठेही वापरली नाही. हे काम थंडच करायचे असते, कारण तापवल्याने सांध्याचे ब्रेझिंग आणि नळीचा गुण दोन्ही बिघडू शकतात. मागच्या ब्रेकचा पूल आणि चेनस्टेमधला (पॅडलकडून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन नळ्यांमधला) पूल जिथे जोडलेले आहेत तिथे त्यांनी आधी आणि नंतर भिंग लावून तडा आहे का हे पाहिले.

मग दोन्ही ड्रॉपआउटमध्ये समोरासमोर येणाऱ्या दोन दांड्यांचे हत्यार घालून त्यांनी ते समांतर केले, आणि शेवटी डिरेलरच्या कानाच्या १० मिलिमीटरच्या आट्यांत लांब हाताचे माप बसवून ते रिमभोवती चार ठिकाणी फिरवले. वर आणि खाली यांत ९ मिलिमीटरांचा फरक होता. तो दोनच्या आत येईपर्यंत त्यांनी कान हळूहळू बाहेर घेतला. पोलादी ड्रॉपआउटला कान अंगचाच असतो आणि तो असा सरळ करता येतो, हा जुन्या फ्रेमचा मोठा फायदा आहे. ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या फ्रेमवर यातले काहीही, विशेषतः चिमटा फाकवणे, कधीही करू नये. आणि पोलादातही रेनॉल्ड्स ७५३ सारख्या उष्णता देऊन कडक केलेल्या पातळ नळ्या असतील तर हा मार्ग सोडून द्यावा.

सगळ्या खर्चात या कामाच्या मजुरीचा वाटा एक दशांशही नव्हता. संचाच्या किमतीची घासाघीस करण्यात मी महिना घालवला आणि हे काम कोण कसे करणार हे विचारण्यात दहा मिनिटे, याचा मला आजही खेद आहे.

बॉटम ब्रॅकेटबद्दल, म्हणजे पॅडलचा एक्सल ज्यात फिरतो त्या भागाबद्दल, थोडक्यात लिहिते. इंग्लिश फ्रेम असल्याने कवच ६८ मिलिमीटर रुंद आणि आटे १.३७ इंच, इंचाला २४; त्यात उजव्या बाजूची वाटी उलट्या आट्यांची असते, म्हणजे ती घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटते. इटालियन फ्रेममध्ये दोन्ही बाजू सरळ आट्यांच्या असतात आणि व्यासही वेगळा असतो, तेव्हा पाना लावण्याआधी फ्रेम कुठली आहे हे नक्की करावे. चुकीच्या दिशेने जोर लावून आटे गेले तर ते परत मिळवणे फार कठीण असते. आमची वाटी चाळीस वर्षांत जागची हलली नव्हती. तेल घालून तीन दिवस ठेवल्यावर ती सुटली. सोराचा मूळ क्रँक (पॅडलचे दांडे आणि पुढच्या चकत्या) २४ मिलिमीटरच्या पोकळ एक्सलचा असतो आणि त्याचे बेअरिंग कवचाच्या बाहेर बसतात. तोही याच आट्यांत बसतो. मी मात्र तो घेतला नाही. या बारीक नळ्यांशेजारी चार बाह्यांचा रुंद काळा क्रँक माझ्या डोळ्यांना रुचला नाही, म्हणून मी पाच बाह्यांचा चंदेरी, ५० आणि ३४ दातांचा, चौकोनी एक्सलवर बसणारा क्रँक निवडला आणि त्यासाठी बंद कार्ट्रिजचा बॉटम ब्रॅकेट घेतला. सोराचा पुढचा डिरेलर ५० आणि ३४ साठीच असल्याने तो त्यावर बिनतक्रार चालतो.

चाकांचा निर्णय असाच ब्रेकशी बांधलेला आहे. जुने चाक २७ इंची म्हणजे रिमचा व्यास ६३० मिलिमीटर, नवे ७००सी म्हणजे ६२२. त्रिज्येत चार मिलिमीटरांचा फरक पडतो, त्यामुळे ब्रेकचे रबर चार मिलिमीटर खाली आणावे लागते. नेहमीच्या रोड ब्रेकची पोच, म्हणजे ब्रेकच्या बोल्टपासून रबरापर्यंतचे अंतर, ४९ मिलिमीटरपर्यंतच असते आणि आमच्या फ्रेमवर ५१ हवी होती, म्हणून ४७ ते ५७ पोच असलेले ब्रेक घ्यावे लागले. जुनेच ब्रेक खाली ओढून वापरता आले असते, पण नवी लिव्हर जुन्या लिव्हरपेक्षा जास्त केबल ओढते आणि त्यामुळे जुन्या एकाच खिळीच्या ब्रेकला तिचा जोर कमी मिळतो. पावसात सिंहगड उतरताना जोर कमी पडणे परवडणारे नाही. आणखी एक गोष्ट अशी, की जुन्या फ्रेमला ब्रेक मागून साध्या नटाने आवळलेला असतो, तर नव्या ब्रेकचा नट छिद्राच्या आत लपतो आणि त्यासाठी चिमट्याच्या मागचे छिद्र ८ मिलिमीटरपर्यंत मोठे करावे लागते. कारागीर काकांनी ते करायची तयारी दाखवली होती. मी नको म्हटले आणि बाहेरून नट लागणारा ब्रेक येईपर्यंत तीन आठवडे थांबले. फ्रेममधून धातू काढून टाकण्याचे एकही काम होऊ द्यायचे नाही, एवढा नियम मी या सगळ्यात पाळला.

फ्रीव्हील जाऊन कॅसेट आल्याने चढाच्या गिअरांइतकाच आणखी एक लाभ झाला, ज्याचा मी आधी विचार केला नव्हता. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजव्या बाजूचे छर्रे चकत्यांच्या आतल्या अंगाला असतात, त्यामुळे एक्सलचा बराच भाग आधाराशिवाय बाहेर राहतो आणि खड्ड्यांनी तो वाकतो. माझ्या काकांनी वीस वर्षांत तीन एक्सल बदलले होते, ही नोंद त्यांच्या जुन्या वहीत आहे. कॅसेटच्या हबमध्ये तो आधार बाहेर, ड्रॉपआउटच्या जवळ येतो. पुण्याच्या रस्त्यांवर पावसाळ्यानंतर जे उरते ते पाहता ही गोष्ट क्षुल्लक नाही.

आता संचाविषयी. सोराच्या लिव्हर हातात भरतात. ब्रेकची अख्खी लिव्हर आत ढकलली की मागची चेन मोठ्या चकतीवर चढते आणि तिच्यामागची लहान पट्टी ढकलली की लहान चकतीवर उतरते. खालच्या नळीवर पूर्वी ज्या दांड्या होत्या त्यांच्या चौकोनी खुंट्यांवरच केबलचे थांबे बसवता आले, आणि त्या थांब्यांवर पीळ देण्याचे स्क्रू असलेलेच घ्यावेत असा माझा आग्रह आहे, कारण चालवता चालवता हात खाली नेऊन अर्धा पीळ देता येतो. केबल हँडलच्या पट्टीखालून जात असल्याने पुढे तारांचे जाळे दिसत नाही. जुने हँडल आणि जुना स्टेम मी तसेच ठेवले. लिव्हर जिथे बसते तिथे हँडलचा व्यास नेहमीचाच, २३.८ मिलिमीटर, असल्याने अडचण आली नाही, मात्र जुन्या हँडलची वळणाची गोलाई वेगळी असल्याने लिव्हर थोडी वर घेतल्याशिवाय मनगटाला सरळ आधार मिळत नाही. पट्टी गुंडाळण्याआधी आठवडाभर उघड्या हँडलवर चालवून जागा ठरवावी.

मागच्या डिरेलरचा लांब पिंजरा ३२ दातांना पुरतो. जुन्या कानाची ठेवण आजच्यापेक्षा थोडी वेगळी असल्याने वरची पुली मोठ्या चकतीला घासू नये म्हणून मागचा लहान स्क्रू जवळजवळ पूर्ण आत घ्यावा लागला, आणि त्यामुळे सर्वांत लहान दोन चकत्यांवर गिअर पडायला क्षणभर जास्त लागतो. मला त्याचा त्रास होत नाही. शर्यतीत उतरणाऱ्याला होईल. बाकी सात चकत्यांवर गिअर एका खटक्यात, आवाज न करता पडतो. जून ते सप्टेंबर मी आठवड्यातून चार दिवस कर्वेनगर ते हडपसर या सायकलीने गेले, आणि त्या चार महिन्यांत केबल एकदा ताणावी लागली, ती पहिल्या शंभर किलोमीटरनंतर. नव्या केबल आणि त्यांची आवरणे सुरुवातीला बसतात, म्हणून एवढे सगळ्यांनाच करावे लागते.

सिंहगड मी डिसेंबरमध्ये चढले. अर्ध्या वाटेवर, जिथे रस्ता सरळ उभा दिसतो, तिथे ३४ ला ३२ वर बसूनच पाय फिरत राहिले आणि मला उभे राहावे लागले नाही. डावा हात लिव्हरवर होता, उजव्या हाताने मी बाटली काढून पाणी प्यायले. उतरताना गोळेवाडीपर्यंत दोन बोटांच्या दाबावर सायकल थांबत होती.

कार्यशाळेविषयी उणे सांगायचे तर एवढेच, की काका घाईचे काम घेत नाहीत, फोन क्वचित उचलतात आणि सुटे भाग आपणच आणून द्यावे लागतात. काय आणायचे याची यादी मात्र ते आपल्या अक्षरात, मापांसकट लिहून देतात, आणि ती यादी घेऊन दुकानात गेल्यावर मला एकही भाग बदलून आणावा लागला नाही. बॉटम ब्रॅकेटच्या कवचाची कड तासण्याचे हत्यार त्यांच्याकडे नाही; बाहेरच्या बेअरिंगचा क्रँक बसवणार असाल तर ते काम दुसरीकडून करून आणावे लागेल. ज्यांची फ्रेम भारतीय बनावटीची साध्या पोलादाची आहे त्यांनीही आधी ती त्यांच्याकडे नेऊन ड्रॉपआउटची जाडी आणि बॉटम ब्रॅकेटचे आटे मोजून घ्यावेत आणि मगच पैसे खर्च करावेत. दोन जणांना त्यांनी माझ्यासमोर नको म्हणून परत पाठवले होते.

सायकल घेऊन निघताना त्यांनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा हातात दिला. त्यात फ्रीव्हील, नळीवरच्या दोन दांड्या, जुना डिरेलर आणि जुन्या बॉटम ब्रॅकेटच्या वाट्या, सगळे रॉकेलने धुऊन कागदात गुंडाळलेले होते. वर एका चिठ्ठीत दोन पातळ चकत्या, प्रत्येकी दोन मिलिमीटर जाडीच्या. “तुमच्या काकांना त्यांचं जुनं चाक लावून एखादी फेरी मारावीशी वाटली तर या एक्सलच्या दोन्ही बाजूंना घाला,” ते म्हणाले, “म्हणजे एकशे सव्वीसचं चाक एकशे तीसच्या जागेत मधोमध बसेल.”